खूण नसणे हीच खूण!

आगगाडीच्या डब्यात तिकीट तपासनीस शिरला, की तो काय करतो ते तुम्ही पाहिलेच असेल. फुकट्या प्रवाशांची छायाचित्रे काही त्याच्या खिशात नसतात. चेहरा, कपडे, बोलण्याची ढब यांकडे तो फारसे लक्ष देत नाही. तो फक्त तिकीट मागतो. तिकीट दाखवले की तो पुढे सरकतो आणि ज्याच्यापाशी तिकीट नाही त्याच्याजवळ थांबतो. याउलट, फरारी दरोडेखोराच्या शोधात निघालेल्या पोलिसाजवळ त्या दरोडेखोराचे वर्णन असते. त्या वर्णनाशी जुळणारा माणूस तो गर्दीतून हुडकून काढतो. पोलीस ‘काय आहे’ ते पाहतो. तपासनीस ‘काय नाही’ ते पाहतो.

आपल्या शरीराच्या संरक्षणासाठी निसर्गाने या दोन्ही पद्धती योजल्या आहेत. पोलिसाची पद्धत शास्त्रज्ञांना बऱ्याच आधीपासून ठाऊक होती. तपासनिसाची पद्धत मात्र १९८०च्या दशकात उमगली. ती वापरणाऱ्या पेशींना ‘नैसर्गिक मारक पेशी’ म्हणतात. त्या एक प्रकारच्या श्वेतपेशीच असून रक्तातील लिंफोसाइट पेशींपैकी साधारणपणे ५ ते १५ टक्के पेशी या जातीच्या असतात. एका पेशीचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा. एवढ्याशा पेशीला मेंदू नाही, डोळे नाहीत. मग समोरच्या पेशीला मारायचे की सोडायचे, हे ती कसे ठरवते? हा निर्णय चुकला तर काय होईल याची कल्पना करा. सोडायला नको तिला सोडले, तर रोग फैलावेल. मारायला नको तिला मारले, तर शरीर स्वतःचाच नाश करू लागेल.

वर्णनावरून शोध

प्रथम पोलिसाची पद्धत समजून घेऊ. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक केंद्रकयुक्त पेशीच्या पृष्ठभागावर काही विशिष्ट प्रथिने असतात. माणसात त्यांना ‘एचएलए’ आणि उंदरात ‘एच-२’ असे म्हणतात. आपण त्यांना सोयीसाठी ‘ओळखप्रथिने’ म्हणू. ती व्यक्तीव्यक्तीगणिक वेगळी असतात आणि आईकडून अर्धी व वडिलांकडून अर्धी अशी मुलाकडे येतात. एकाचा अवयव दुसऱ्याला सहजासहजी मानवत नाही, त्याला मुख्यतः हीच प्रथिने कारणीभूत असतात.

या प्रथिनांचे नित्याचे काम मात्र वेगळेच आहे. पेशीच्या आत जी प्रथिने तयार होतात, त्यांचे ८ ते १० ॲमिनो अम्लांचे लहान लहान तुकडे ही ओळखप्रथिने बाहेर आणून मांडतात. दुकानदाराने आतल्या मालाचे नमुने दर्शनी फळीवर ठेवावेत, तसे. पेशीत विषाणू शिरला, की त्याच्या प्रथिनांचे तुकडेही या फळीवर येतात. टी-पेशी नावाच्या श्वेतपेशी हे नमुने तपासतात आणि परका तुकडा दिसला की ती पेशी नष्ट करतात. टी-पेशी परका तुकडा आणि ओळखप्रथिन या दोन्हींची जोडी पाहते, हे रोल्फ त्सिंकरनागेल आणि पीटर डॉहर्टी यांनी ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे १९७४ मध्ये दाखवून दिले. या शोधासाठी त्यांना १९९६चे नोबेल पारितोषिक मिळाले.

व्यवस्था उत्तमच, परंतु तिच्यात दोन उणिवा आहेत. एक म्हणजे, नेमके वर्णन ओळखणाऱ्या टी-पेशी सुरुवातीला मोजक्याच असतात. त्यांची संख्या वाढून फौज तयार होण्यास काही दिवस लागतात. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. विषाणूने ही दर्शनी फळीच काढून टाकली तर? ओळखप्रथिनच नसेल, तर परका तुकडा दिसणार कसा? अनेक विषाणू आणि कर्करोगाच्या कित्येक पेशी नेमकी हीच युक्ती करतात. मग टी-पेशी शेजारून जाते आणि तिला काहीच दिसत नाही.

मोजमापातला ‘गोंगाट’

१९७०च्या सुमारास अनेक प्रयोगशाळांत कर्कपेशींवर प्रयोग चालू होते. श्वेतपेशींनी किती कर्कपेशी मारल्या, हे मोजण्याची रीत मोठी सुरेख होती. कर्कपेशींना क्रोमियम-५१ हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य शोषून घेऊ देत. त्याचा अर्धायुकाल सुमारे २८ दिवस असतो आणि त्यातून गॅमा किरण बाहेर पडतात. जिवंत पेशी क्रोमियम आत धरून ठेवते. ती फुटली की क्रोमियम भोवतालच्या द्रवात उतरते. मग द्रव वेगळा काढून त्यातील गॅमा किरण मोजायचे. जितके किरण अधिक, तितक्या मेलेल्या पेशी अधिक.

एखाद्या उंदराला कर्कपेशी आधी टोचून ‘तयार’ करायचे आणि नंतर त्याच्या श्वेतपेशी तपासायच्या, अशी प्रयोगाची आखणी असे. तुलनेसाठी काही कोरे उंदीर ठेवलेले असत. त्यांच्या श्वेतपेशींनी त्या कर्कपेशी पूर्वी कधीच पाहिलेल्या नसल्यामुळे त्यांनी काही करू नये, अशी अपेक्षा होती. पण या कोऱ्या उंदरांच्या पेशीही कर्कपेशी मारताना आढळू लागल्या. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत उपकरणाच्या मूळच्या खरखरीला आपण ‘गोंगाट’ म्हणतो आणि ती वजा करून टाकतो. पुष्कळांनी हे आकडेही तसेच मानले.

काही जणांनी मात्र ते वजा केले नाहीत. स्वीडनमधील स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये रोल्फ कीसलिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विग्झेल यांनी, तर अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ‘गोंगाटा’चाच पाठपुरावा केला. १९७५ मध्ये दोन्ही गटांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोऱ्या उंदराच्या प्लीहेत एक निराळ्याच जातीच्या पेशी होत्या. त्यांना पूर्वतयारी लागत नव्हती. म्हणून त्यांना ‘नैसर्गिक मारक पेशी’ हे नाव मिळाले. पण त्या समोरच्या पेशीत नेमके काय पाहतात, हे कोणालाच सांगता येईना. कर्कपेशींवरील एखादी समान खूण शोधण्याचा पुष्कळ प्रयत्न झाला. तशी खूण सापडली नाही.

आईबापांची मज्जा का नाकारली?

या कोड्याचा धागा एका जुन्या प्रयोगात होता. १९६४ मध्ये अमेरिकेत गुस्ताव्हो कुडकोविच आणि जॅक स्टिम्फलिंग यांनी उंदरांच्या अस्थिमज्जेचे रोपण करून पाहिले होते. समजा, उंदरांचे ‘क’ आणि ‘ख’ असे दोन शुद्ध वंश आहेत. त्यांच्या संकरातून झालेल्या पिलात ‘क’ आणि ‘ख’ ही दोन्ही प्रकारची ओळखप्रथिने असतात. आता ‘क’ जातीच्या आईची मज्जा या पिलाला दिली, तर त्याला तिच्यात परके असे काहीच दिसायला नको. रोपणाच्या सर्व ज्ञात नियमांनुसार ती रुजली पाहिजे. त्वचेचे रोपण केले तर ते रुजतही असे. पण मज्जेची वाढ होईना! पिलाच्या शरीरातील कोणीतरी तिला मारत होते.

स्टॉकहोमच्याच संस्थेतील क्लास कॅरे हा तरुण संशोधक या प्रश्नावर विचार करत होता. आईच्या मज्जेत परके काही नाही, हे खरे. पण पिलाच्या दृष्टीने तिच्यात काहीतरी कमी आहे! तिच्यावर ‘ख’ची खूण नाही. मारक पेशी परक्याची खूण शोधतच नसतील. आपल्या खुणेचा अभाव शोधत असतील तर? कॅरे यांनी ही कल्पना १९८१ मध्ये आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात मांडली. पुढे ती ‘हरवलेला स्व’ या नावाने प्रसिद्ध झाली.

कल्पना कितीही आकर्षक असली, तरी प्रयोगाच्या कसोटीवर उतरल्याशिवाय विज्ञानात तिला स्थान नाही. कॅरे आणि हान्स-गुस्ताफ युंगग्रेन यांनी उंदराच्या कर्कपेशी घेतल्या आणि रसायनाने त्यांच्यात उत्परिवर्तने घडवून आणली. मग ज्यांच्यावर ओळखप्रथिने शिल्लक होती त्या पेशी प्रतिपिंडांच्या साहाय्याने मारून टाकल्या. उरल्या त्या बहुतांशी ओळखप्रथिने गमावलेल्या पेशी. आता त्यांच्याजवळ एकाच मूळच्या दोन पेशी होत्या : एक तिकीट असलेली, दुसरी तिकीट हरवलेली. दोन्ही निरनिराळ्या उंदरांना थोड्या प्रमाणात टोचल्या. टी-पेशींचा नियम लावला, तर तिकीट हरवलेली पेशी निसटायला हवी. झाले उलटेच. तिकीट असलेल्या पेशींची गाठ वाढली आणि तिकीट नसलेल्या पेशी नष्ट झाल्या. उंदरातील मारक पेशी आधी काढून टाकल्या, तर मात्र तिकीट नसलेल्या पेशीही वाढू लागल्या. १९८६ मध्ये हे काम ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

ब्रेक सापडला

एखादी गोष्ट ‘नाही’ हे पेशीला कळणार कसे? तपासनीस हात पुढे करून तिकीट मागतो. मारक पेशीचा हात कोणता?

तो हात म्हणजे तिच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिन. ग्राहीचे एक टोक पेशीबाहेर, मधला भाग पेशीपटलात आणि शेपूट पेशीच्या आत, अशी त्याची रचना असते. बाहेरच्या टोकाला विशिष्ट आकाराचा रेणू चिकटला, की आतल्या शेपटाकडून पेशीला संदेश मिळतो.

१९९२ मध्ये फ्रान्झ कार्लहोफर, वेन योकोयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मारक पेशीवरील ‘एलवाय-४९ए’ या ग्राहीचा अभ्यास केला. हा ग्राही असलेल्या पेशी एका विशिष्ट ओळखप्रथिनाच्या पेशींना मारत नव्हत्या. मग संशोधकांनी प्रतिपिंडाने कधी हा ग्राही, तर कधी ते ओळखप्रथिन झाकून टाकले. दोन्ही वेळा मारणे सुरू झाले! म्हणजे ओळखप्रथिनाला चिकटल्यावर हा ग्राही ‘थांब’ असा संदेश देत होता. मारण्याचा नव्हे, न मारण्याचा हा संदेश होता. हाच तो ब्रेक.

याच काळात इटलीत जेनोआ येथे आलेसांद्रो आणि लोरेंझो मोरेत्ता हे भाऊ माणसाच्या मारक पेशींवरील अशाच ग्राहींचा माग काढत होते. त्या ग्राहींच्या कुलाला आज ‘केआयआर’ म्हणतात. यातील गंमत पाहा. उंदराचा ब्रेक आणि माणसाचा ब्रेक यांची घडण अगदी भिन्न आहे. ती प्रथिनांची दोन वेगळी कुळे आहेत. तरीही दोघांचे काम एकच. उत्क्रांतीला हा ब्रेक इतका आवश्यक वाटला, की तिने तो दोन वेगवेगळ्या साहित्यांतून घडवला.

फॉस्फेट लावा, फॉस्फेट काढा

गाडीला नुसता ब्रेक असून चालत नाही. तिला पुढे नेणारी शक्तीही हवी. मारक पेशीवर ‘चल’ असे सांगणारे ग्राहीही असतात. ‘एनकेजी-२डी’ हे त्यांतील एक महत्त्वाचे नाव. पेशीला विषाणूने ग्रासले, तिचा डीएनए बिघडला किंवा ती कर्कपेशी होऊ लागली, की तिच्या पृष्ठभागावर ‘मायका’सारखी संकटदर्शक प्रथिने उगवतात. निरोगी पेशींवर ती सहसा नसतात. एनकेजी-२डी ती ओळखतो. ‘सीडी-१६’ हा दुसरा ग्राही समोरच्या पेशीला चिकटलेली प्रतिपिंडे ओळखतो.

आता पेशीच्या आत डोकावू. ‘चल’ ग्राही ओढला गेला, की आतील काही प्रथिनांमधल्या टायरोसीन या ॲमिनो अम्लावर फॉस्फेटचा गट बसवला जातो. त्यामुळे पुढचे प्रथिन जागे होते, ते त्याच्या पुढच्याला जागे करते, अशी साखळी सुरू होते. ‘थांब’ ग्राहीच्या शेपटातही टायरोसीन असते. त्याच्यावर फॉस्फेट बसले, की तेथे ‘एसएचपी-१’ नावाचे एंझाइम येऊन चिकटते. या एंझाइमाचे काम एकच : शेजारच्या प्रथिनांवर बसवलेले फॉस्फेट काढून टाकणे. एक बाजू फॉस्फेट लावते, दुसरी काढते. लावण्याचा वेग जास्त झाला आणि साखळी एका ठराविक पातळीपलीकडे गेली, की निर्णय झाला! हा सारा झगडा दोन पेशी जेथे एकमेकींना भिडतात तेवढ्याच जागी चालतो. म्हणून मारक पेशी एका शेजारणीला सोडून देऊन दुसरीला मारू शकते.

निर्णय मारण्याचा झाला, तर मारक पेशी आपल्यातील कणिका त्या जागी रित्या करते. त्यांतील परफोरिन हे प्रथिन समोरच्या पेशीच्या पटलाला छिद्रे पाडते आणि ग्रँझाइम नावाची एंझाइमे आत शिरून त्या पेशीला आत्मनाश करायला लावतात. शिवाय मारक पेशी गॅमा इंटरफेरॉन हे द्रव्य सोडते. त्यामुळे भक्षक पेशी जाग्या होतात आणि मागून येणाऱ्या टी-पेशींचा मार्ग सुकर होतो.

येथे एक शंका तुमच्या मनात येईल. आपल्या तांबड्या रक्तपेशींना केंद्रक नसते आणि त्यांच्यावर ओळखप्रथिनेही जवळजवळ नसतात. मग मारक पेशी त्यांचा फडशा का पाडत नाहीत? उत्तर सोपे आहे. तांबड्या पेशीवर तिकीट नाही हे खरे, पण ‘चल’ ग्राहींना ओढणारे संकटदर्शक प्रथिनही नाही. ब्रेक सोडला तरी ॲक्सिलरेटर दाबल्याशिवाय गाडी सपाटीवर धावत नाही. आगगाडीतही पाच वर्षांखालच्या मुलाकडे तिकीट नसते, म्हणून तपासनीस काही त्याला पकडत नाही!

ब्रेक नसलेल्या पेशीचे काय?

दुसरी शंका याहून अवघड आहे. माणसात केआयआर ग्राहींची जनुके १९व्या गुणसूत्रावर असतात, तर ओळखप्रथिनांची ६व्या गुणसूत्रावर. दोन्ही स्वतंत्रपणे वारशाने येतात. मग एखाद्याच्या वाट्याला असा ग्राही आला, की ज्याच्याशी जुळणारे ओळखप्रथिन त्याच्या शरीरातच नाही, तर? फक्त असा ब्रेक असलेली मारक पेशी मोकाट सुटायला हवी.

तसे होत नाही. वाढीच्या काळात मारक पेशीचे जणू शिक्षण होते. जिचा एखादा तरी ब्रेक शरीराच्या स्वतःच्या ओळखप्रथिनावर लागतो, तीच पेशी पुढे पूर्ण ताकदीने काम करू शकते. जिचा कोणताच ब्रेक लागत नाही, ती सुस्त राहते. योकोयामा यांच्या गटाने २००५ मध्ये उंदरांत हे दाखवले आणि या प्रक्रियेला ‘परवाना’ असे समर्पक नाव दिले. ब्रेक चालतो हे सिद्ध केल्यावाचून गाडी रस्त्यावर आणायची नाही!

बनावट तिकिटे

विषाणूही काही स्वस्थ बसलेले नाहीत. त्यांच्यापुढे मोठा पेच आहे. ओळखप्रथिने ठेवावीत, तर टी-पेशी पकडतात. काढून टाकावीत, तर मारक पेशी पकडतात. सायटोमेगॅलो या विषाणूने यातून वाट काढली आहे. तो पेशीची खरी ओळखप्रथिने खाली खेचतो आणि त्याऐवजी ओळखप्रथिनासारखे दिसणारे स्वतःचे प्रथिन वर पाठवतो. ते एका ‘थांब’ ग्राहीला घट्ट चिकटते. हे झाले बनावट तिकीट! एवढ्यावर न थांबता तो संकटदर्शक प्रथिनेही आतल्या आत अडकवून ठेवतो.

यावर शरीराची प्रतिचालही आहे. उंदरातील सायटोमेगॅलो विषाणूच्या ‘एम-१५७’ या प्रथिनाचा शोध २००२ मध्ये लागला. उंदरांच्या एका वंशात ते ‘थांब’ ग्राहीला चिकटते. पण दुसऱ्या वंशात त्याच कुलातील एक ग्राही असा आहे, की तो याच प्रथिनाला चिकटून ‘चल’ असा संदेश देतो! त्या वंशातील उंदीर या विषाणूला चांगला प्रतिकार करतात. बनावट तिकीट ओळखणारा तपासनीस तेथे नेमला गेला आहे.

हा खेळ केवळ प्रयोगशाळेतला नाही. रक्तात नैसर्गिक मारक पेशी नसलेल्या एका किशोरवयीन मुलीची हकिगत अमेरिकेतील डॉक्टरांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. कांजिण्या, सायटोमेगॅलो, हर्पिस सिंप्लेक्स अशा हर्पिस कुलातील विषाणूंच्या रोगांनी तिला वारंवार आणि अत्यंत तीव्रपणे ग्रासले होते. बहुतेक मुले ज्या कांजिण्यांतून आठवड्या-दोन आठवड्यांत उठतात, त्या तिच्या जिवावर बेतल्या. मारक पेशी आपल्यासाठी रोज काय करतात, याची कल्पना यावरून येते.

उंदरापासून रुग्णापर्यंत

संकराच्या पिलाने आईची मज्जा का नाकारली, हे कोडे आता तुम्ही सोडवू शकाल. पिलाच्या काही मारक पेशींचा ब्रेक फक्त ‘ख’ या ओळखप्रथिनावर लागतो. आईच्या मज्जेवर ‘ख’ नाही; म्हणून त्या पेशींचा ब्रेक सुटतो.

याच तत्त्वाचा उपयोग रुग्णांसाठी होऊ शकतो, हे इटलीत पेरुजा येथील लोरेदाना रुज्जेरी, आंद्रेआ वेलार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले. रक्ताच्या कर्करोगाच्या काही रुग्णांना निरोगी दात्याच्या रक्तजनक पेशी द्याव्या लागतात. पूर्ण जुळणारा दाता प्रत्येकाला मिळत नाही. आई, वडील किंवा भावंड अर्धे जुळते. अशा अर्ध्या जुळणाऱ्या दात्याच्या टी-पेशी काढून टाकून त्यांनी रोपण केले. तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रोगात त्यांना असे आढळले, की दात्याच्या मारक पेशींचा ब्रेक रुग्णाच्या ओळखप्रथिनांवर लागत नसेल, तर रोग उलटण्याचे प्रमाण पुष्कळच कमी होते. उरलेल्या कर्कपेशी मारक पेशी वेचून काढत होत्या आणि रुग्णाच्या निरोगी अवयवांना मात्र त्यांचा उपद्रव झाला नाही. रोपणाच्या पद्धती निरनिराळ्या असल्यामुळे सर्व रुग्णालयांत सारखेच निष्कर्ष आले नाहीत; पण दाता निवडताना हा विचार करण्याची दिशा मिळाली. टी-पेशींवरील ब्रेक सैल करून कर्करोगावर उपचार करता येतो, या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चे नोबेल पारितोषिक मिळाले. मारक पेशींचा ब्रेक सैल करणाऱ्या प्रतिपिंडांच्याही रुग्णांवर चाचण्या झाल्या आहेत.

आता वही काढा आणि चार चौकटींचे एक कोष्टक आखा. पहिल्या चौकटीत ‘क’ची मज्जा ‘ख’ उंदराला, दुसरीत ‘क’ची मज्जा संकराच्या पिलाला, तिसरीत पिलाची मज्जा ‘क’ उंदराला आणि चौथीत ‘क’ची मज्जा दुसऱ्या ‘क’ उंदराला दिली आहे, असे समजा. पोलीस कोणत्या चौकटीत धावून येईल, तपासनीस कोणत्या चौकटीत तिकीट मागेल, दोघेही कोठे येतील आणि कोठे कोणीच येणार नाही? चारही उत्तरे वेगवेगळी आली, तर मारक पेशी काय पाहते हे तुम्हाला नीट समजले आहे, असे खुशाल समजा.